झांबियातल्या गावांमधून सायकलवर जाताना दिवस कसा जातो?

तुम्ही विचारलंय की आफ्रिकेच्या दक्षिण भागात, खेड्यापाड्यांतून सायकलवर जाताना दिवस कसा जातो आणि पाण्याचं काय करतात. मी जुलैमध्ये झांबियात लुसाकाहून चिपाटाला ग्रेट ईस्ट रोडने गेले होते, साधारण ५७० किलोमीटर. त्यातला पेटाउके सोडल्यानंतरचा एक दिवस सांगते.

तिकडे जुलै म्हणजे थंडी. उजाडता उजाडता निघाले तेव्हा ब्रेकवरची बोटं गारठली होती. त्या दिवसांत वारा पूर्वेकडून येतो, म्हणजे चिपाटाकडे जाताना थेट तोंडावर, आणि ऊन चढलं की जोर धरतो. म्हणून निम्मं अंतर दहाच्या आत कापायचं. कोळशाची पोती लादलेले सायकलवाले भेटत राहतात. त्यांच्या काळ्या, दणकट सायकलींपैकी कितीतरी भारतात बनलेल्या.

पाणी मिळतं गावच्या हापशावर. मी पाच लिटर जवळ ठेवते, पण हापसा दिसला की थांबतेच. त्या दिवशीचा हापसा लांबूनच ओळखीचा वाटला आणि जवळ गेल्यावर खात्री पटली: इंडिया मार्क टू! १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने तयार झालेला हा पंप सोलापूरच्या हापशावरून बेतलेला आहे. माझं आजोळ बार्शीचं. दांडा खाली नेताना अंगाचा सगळा भार टाकायचा आणि तो वर येताना कुईं आवाज ऐकायचा, हे मी सात वर्षांची असताना शिकले होते. इथेही तोच आवाज, तसंच खळ्ळकन येणारं गार पाणी. माझे डोळे भरून आले.

पिवळे कॅन घेऊन बायका रांगेत होत्या. 'मुली ब्वांजी' (कशा आहात?) म्हटल्यावर 'ब्वीनो, काया इनू' (बऱ्या आहोत, आणि तुम्ही?) आलं आणि त्या मला पुढे ढकलू लागल्या. मी नंबर सोडला नाही. पुढच्या आजींचा कॅन मी हापसून दिला. त्यांनी किंचित गुडघे वाकवून, ओंजळीसारखे हात जुळवून हलक्या टाळ्या वाजवल्या. तिकडे आभार असेच मानतात. आधी हे शिकून जा, बाकीची भाषा आपोआप येते. (पाण्यात क्लोरीनचे थेंब मात्र टाकायचेच.)

चारनंतर मुक्काम शोधायचा. अंधारात सायकल चालवू नका, ट्रक फार वेगात जातात. त्या दिवशी ७० किलोमीटर झाले होते. कोणत्याही गावात गेलं की आधी गावप्रमुखाला भेटायचं, म्हणजे आपल्याकडच्या पाटलालाच, आणि अंगणात तंबू लावू का, असं विचारायचं. मला नाही कुणी म्हटलं नाही. जेवायला न्शिमा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड. हातावर पाणी घालायला घरातली मुलगी तांब्या घेऊन आली. गोळा वळायचा, अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात भाजी घ्यायची. भाजी होती शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी. मी तीनदा घेतली, तेव्हा घरच्या बाई मनापासून हसल्या.

तंबूत शिरले तेव्हा साडेसातही वाजले नव्हते.