मुलगी दहावीत गेली आणि खेळणं सुटलं, हा वयाचा परिणाम की आळस?

तुम्ही लिहिलंय की सातवीपर्यंत खो-खो खेळणारी तुमची मुलगी आता दिवसभर बसून असते, सकाळी काही खात नाही. मी सोलापुरात शाळेत पीटी शिकवतो. आधी एवढंच सांगतो, तिला आळशी म्हणू नका.

हे घरोघरी चाललंय. या वयात रोज सरासरी तासभर तरी दम लागेल अशी हालचाल हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी 146 देशांची 2016 पर्यंतची आकडेवारी तपासली, तेव्हा 11 ते 17 वयाच्या शाळकरी मुलांपैकी 81 टक्के मुलांची तेवढी हालचाल होत नव्हती. मुलींमध्ये हेच प्रमाण 85 टक्के.

मैदानावर मला हे वर्षानुवर्षं दिसतं. पाचवी-सहावीची पोरं मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून पळतात. आठवीत मुली कडेला उभ्या राहायला लागतात. पाळी सुरू झालेली असते, कपड्यांची धास्ती असते, कट्ट्यावरची मुलं बघत असतात. त्यात शाळेचं बाथरूम धड नसेल तर खेळ नकोच वाटतो. नववीत पीटीचा तास गणिताला जातो आणि दहावीत उरलासुरला खेळही बंद.

आपल्याकडे ऊन आणखी आडवं येतं. मार्चपासून सोलापुरात खेळायला दोनच वेळा बऱ्या: सकाळी आठच्या आत, नाहीतर संध्याकाळी साडेपाचनंतर. नेमके तेच तास क्लासने घेतलेत. म्हणजे पोर शाळेत बसते, क्लासला बसते, घरी येऊन पुन्हा अभ्यासाला बसते आणि थकली की मोबाईल घेऊन पडते. यात तिचा दोष कुठला?

खाण्याचं याच्याशीच जुळलेलं आहे. वयात येताना झोपेची वेळ आपोआप पुढे सरकते, त्यात रात्रीचा मोबाईल. मग सकाळी उठवत नाही आणि उठल्या उठल्या भूकही नसते. प्रार्थनेला चक्कर आलेल्या मुलीला सावलीत बसवून विचारलं, ‘काय खाल्लंस?’ की उत्तर ठरलेलं, ‘चहा-बिस्किट, सर.’ क्लासमधून सुटली की मात्र वडापाव, चायनीज. घरात ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, दही असतं. सकाळी गरम भाकरी नको असेल तर कडक भाकरीचा तुकडा आणि चटणी डब्यात द्या, पहिल्या सुट्टीत खाईल. उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा देऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही.

खेळासाठी क्लासची वेळ बदलून घ्या, निदान आठवड्यातले तीन दिवस. खो-खोच हवा असं नाही. दोरीवरच्या उड्या, सायकल, पार्क स्टेडियमकडे मैत्रिणींबरोबर धावणं, काहीही चालेल. एकटीला पाठवाल तर चार दिवसांत बंद पडेल, दोघी-तिघी असल्या की टिकतं. उड्या आणि धावणं मी मुद्दाम सांगतोय, कारण हाडांची बहुतेक भरणी विशीच्या आसपास संपते. अभ्यासाला बसली की पाऊण तासाने उठून गच्चीवर एक चक्कर मारू द्या.

आणि ती लगेच दमत असेल, चेहरा फिका वाटत असेल, तर हिमोग्लोबिन नक्की तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं होतं. रक्तच कमी असेल तर तिला पळायला लावण्याआधी डॉक्टरांना दाखवा.