माउस सुटला, टॅब मानगुटीवर

प्रश्न : मनगटामुळे डॉक्टरांनी माउस बंद केलाय. पण लिंकमागून लिंकवर जायला टॅबचं बटण दाबून दाबून बोटं झिजली. काही उपाय?
– एक निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ

उत्तर : बाई, परवा एका साइटवर मी मोजलं, मजकुरापर्यंत पोचायला ४७ टॅब! ‘लँडमार्क्स’ नावाचं फुकटचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची छोटी सोय) क्रोम किंवा फायरफॉक्सवर टाका. ऑल्ट-शिफ्ट धरून एन दाबलं की पानाचा पुढचा भाग, पी दाबलं की मागचा, एम दाबलं की थेट मुख्य मजकूर. ज्या भागावर उतराल त्याभोवती चौकट उमटते. लक्ष्मी रोडवर प्रत्येक दुकानात न डोकावता चौकाचौकानं जावं, तसं.

आता खोच. पान बनवणाऱ्यानं मेन (मुख्य मजकूर), नॅव्ह (लिंकांची यादी) असे टॅग, म्हणजे कुठला भाग कशाचा हे सांगणाऱ्या खुणा, लावलेले असतील तर हे नीट चालतं. २०१४ साली प्रमाण ठरलेल्या एचटीएमएल ५ या वेबपानं लिहायच्या भाषेत ते आहेत, तरी कित्येकजण नुसत्या डिव्हवर डिव्ह (बिननावाचे खोके) रचतात. (आमच्या सोसायटीची साइट त्यातलीच; सेक्रेटरींना दोनदा सांगून झालंय.) तिथे मात्र कंट्रोल-एफ करून हव्या त्या जागेजवळचा शब्द शोधा, एस्केप दाबा, मग टॅब. पुढची लिंक तिथूनच सुरू होते.