गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही?

"मॅडम, सगळं खाते, गोळ्या घेते, तरी हिमोग्लोबिन अकराच्या वर जातच नाही." बाळाचा विचार करणाऱ्या मुलींकडून हे मी सतत ऐकते. बहुतेकींचं कारण साधं निघतं: पाळीत जास्त रक्तस्राव, नाहीतर लोहाची गोळी आणि वर लगेच चहा. गोळी नीट लागू पडली तर महिन्याभरात एक-दोन ग्रॅमने आकडा चढायला हवा.

ही एक मुलगी मात्र सासूबाईंबरोबर आली होती. बीट, खजूर, अळिवाचे लाडू, सगळं करून झालं होतं. "हिचं जेवणात लक्षच नसतं," सासूबाई म्हणाल्या. ती गप्प. माझं मत पक्कं आहे: घरात एकीवर ठपका बसला की तिचा रिपोर्ट कुणी पुरता वाचत नाही. मी जुने कागद मागवले.

पुढच्या वेळी ते तारखेनुसार टेबलावर मांडले. कॉलेजात १०.४. मग १०.६. आता १०.३.

"काय दिसतंय?"

"कमीच आहे."

"उतरतंय का?"

तिने पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. "नाही. चढतही नाही."

मग खालच्या ओळी वाचल्या. तांबड्या पेशी ५६ लाख, म्हणजे भरपूर. पण पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, ६२. तो ८० च्या पुढे हवा. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, व्यवस्थित. डॉक्टरांनी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी, करायला सांगितली. त्यातला एक प्रकार, एचबीए२, आला ५.२ टक्के, एरवी तो साडेतीनच्या आत असतो. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक दोषाचं सौम्य रूप.

"म्हणजे मी खात नव्हते म्हणून नाही?"

"नाही. हे जन्मापासूनचं आहे, आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं."

इथे अनेक जण माहितीचा मारा सुरू करतात. मी थांबते. ती सासूबाईंकडे बघत राहिली, अगदी सरळ. त्यांनीच शेवटी विचारलं, "मग ते लाडू?"

"आवडत असतील तर खाऊ द्या."

तिघीही हसलो. पुढचं बोलणं त्यानंतरच शक्य झालं.

"आता नवऱ्याची तपासणी."

"त्याला काही होत नाही हो!"

"हिलाही होत नव्हतं." दोघंही मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे याचंच गंभीर रूप, होण्याची शक्यता २५ टक्के, आणि अशा मुलाला आयुष्यभर रक्त चढवावं लागतं. त्याचा रिपोर्ट पूर्ण नॉर्मल आला.

बायकांमध्ये १२, गरोदरपणी ११, पुरुषांत १३ यांच्या खाली आकडा दिसला, की त्याच कागदावर एमसीव्हीही बघा. गोळ्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना फेरिटिनचं विचारा. लोह कमी असताना एचबीए२ खोटं कमी दिसू शकतं, म्हणून आधी फेरिटिन, मग एचपीएलसी.

परवा तिचा मेसेज आला: "धाकट्या भावाचं एमसीव्ही ६४ आहे. फेरिटिन चांगलं आहे. एचपीएलसीबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगू ना?"