वकील पैसे देईना, फोनही उचलेना

प्रश्न: सेटलमेंटचे पैसे वकिलांनी स्वतःच्या खात्यात घेतले, आठ महिने झाले, फोन उचलत नाहीत, आधी तारखांनाही जायचे नाहीत. ग्राहक मंचात जाऊ का?

उत्तर: ताई, तिथे नको, मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने वकिलांना ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवलंय. अॅडव्होकेट्स अॅक्ट १९६१ च्या कलम ३५ खाली बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे (वकिलांवर नियंत्रण ठेवणारी राज्याची संस्था) लेखी तक्रार करा, वकीलपत्र, बँक स्टेटमेंट, मेसेज सगळं जोडा. समज देणं, सनद (वकिलीचा परवाना) काही काळ सस्पेंड किंवा कायमची रद्द, हे होऊ शकतं आणि वर्षात निकाल नाही लागला तर केस बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. पण पैशांसाठी पोलीस तक्रार किंवा दिवाणी दावा वेगळा करावा लागेल, त्यात उशीर अजिबात करू नका. फी राहिली म्हणून फाइल अडवणंही चालत नाही, ती आजच लेखी मागा.