डॉक्टरताईंना विचारा : एमडी झाली, आता ब्रेस्ट पॅथॉलॉजी करू का?

प्रश्न : ताई, माझी एमडी पॅथॉलॉजी झालीये, सध्या इंदूरलाच एका लॅबमध्ये रिपोर्टिंग करते. दिवसभर सीबीसी, युरीन, एफएनएसी (सुईने पेशी ओढून केलेली तपासणी) आणि मधेमधे एखादी बायोप्सी. मला ब्रेस्ट पॅथॉलॉजीत, म्हणजे स्तनाच्या गाठींचे तुकडे तपासून निदान करण्यात, एक वर्षाची फेलोशिप करायची आहे पण सासरी म्हणतात एमडी झाली ना, आता सुदामा नगरात स्वतःची लॅब टाक, अजून किती शिकणार. एमडीपेक्षा वेगळं असं काय शिकवतात? आणि परदेशात जाऊ की इथेच करू?
– एक वाचक, लोकमान्य नगर

उत्तर : सासरचे अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत बरं का, सीबीसी आणि शुगरवर लॅब चालते, ब्रेस्टच्या बायोप्सीवर नाही. पण लॅब वर्षभरानेही टाकता येते, आणि एकदा टाकली की मग शिकायला बाहेर पडणं विसरच.

आता वेगळं काय ते सांगते. सरळसरळ कॅन्सर आहे हे तर तू आत्ताही सांगशील, फेलोशिप त्यासाठी नसतेच. ती असते सुईने काढलेल्या त्या बारीक तुकड्यासाठी, म्हणजे कोअरसाठी, ज्यात धड इकडचं नाही धड तिकडचं नाही असं काहीतरी दिसतं, म्हणजे एडीएच (पेशींची वेडीवाकडी वाढ, पण अजून कॅन्सर नाही) म्हणायचं की लो ग्रेड डीसीआयएस (दूधनलिकेच्या आतच असलेला कॅन्सर), पॅपिलरी लीजन (बोटांसारखी वाढलेली गाठ) आहे तर मायोएपिथेलियल पेशी, म्हणजे नलिकेचा बाहेरचा थर, शाबूत आहेत का, फायब्रोएडिनोमा (साधी गाठ) की तिच्यासारखीच दिसणारी फायलोडिस. पुस्तकात लिहिलेलं असतं की २ मिलिमीटर किंवा दोन पूर्ण डक्ट (दूधनलिका) भरले तर डीसीआयएस, पण कोअरमध्ये दीडच डक्ट आला तर काय करशील? तिथे पुस्तक संपतं, आणि रेडिओलॉजिस्टला फोन करून मॅमोग्राममध्ये कॅल्सिफिकेशन (कॅल्शियमचे कण) कुठे होतं, आपल्या कोअरमध्ये ते आलं का, हे विचारायची सवय लागते. ही सवय रोज शेजारी कुणी बसून पंधरा केसेस दाखवल्याशिवाय लागत नाही, वेबिनार बघून तर नाहीच नाही.

दुसरं म्हणजे हर-टू, कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रोटीन. रंग किती चढतो त्यावर त्याला ० ते ३+ देतात. पूर्वी ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, २+ म्हणजे फिश (जनुकाची तपासणी) करा, आणि ० की १+ यावर कुणी डोकं लावायचं नाही कारण दोन्ही निगेटिव्हच. २०२२ मध्ये ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकन हे औषध हर-टू लो पेशंटसाठी मंजूर झालं, म्हणजे आजार पसरलेला असेल तर १+ किंवा फिश निगेटिव्ह २+ वाल्यांनाही ते देता येतं, आणि रातोरात ० आणि १+ मधला फरक महत्त्वाचा झाला. तो फरक फिकट, अर्धवट रंगाचा असतो. दोन चांगले पॅथॉलॉजिस्टही यावर भांडतात.

आणि आता ते, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि जे कुठल्याच माहितीपत्रकात ठळक छापत नाहीत : ग्रॉसिंग (काढलेला अवयव कापून तपासायचे तुकडे घेणं) आणि फॉर्मॅलिन (टिशू टिकवायचं द्रावण). ईआर, पीआर (कॅन्सरच्या पेशींवरचे हार्मोन रिसेप्टर) आणि हर-टूच्या तपासणीसाठी नियम असा की टिशू बाहेर काढल्यापासून तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा आणि ६ ते ७२ तास त्यातच राहायला हवा. आपल्याकडे काय होतं, अख्खं स्तन न कापता एका डब्यात कोंबलेलं, वर दोन बोटं फॉर्मॅलिन, आणि फॉर्मॅलिन आत शिरतं तासाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे मधला ट्यूमर आतल्या आत सडतोय आणि आपण ईआर निगेटिव्ह लिहून मोकळे. त्यात शुक्रवारी ऑपरेशन झालं आणि पुढे रंगपंचमीची सुट्टी आली तर गेरची मिरवणूक संपून लॅब उघडेपर्यंत ७२ तास कधीच उलटलेले. चांगल्या ठिकाणी हे हातात कापून शिकवतात, केमो घेऊन आलेल्या केसमध्ये गाठ विरघळलेली असते तेव्हा ट्यूमर बेड (गाठीची मूळ जागा) शोधायचा कसा, खुणेसाठी ठेवलेली क्लिप कुठेय, आरसीबी (केमोनंतर उरलेल्या कॅन्सरचं माप) काढायला कुठून किती सेक्शन घ्यायचे. हे शिकून तू परत आलीस ना, तर पहिलं काम सर्जनच्या ओटीत जाऊन सिस्टर आणि वॉर्डबॉयला डबा दाखवायचं.

परदेशाचं म्हणशील तर अमेरिकेत ही फेलोशिप साधारण वर्षाची असते आणि बहुतेक ठिकाणी तिथली रेसिडेन्सी झालेल्यांनाच घेतात, काही ठिकाणी युएसएमएलई (तिथली डॉक्टरकीची परीक्षा) आणि ईसीएफएमजी (परदेशी डॉक्टरांना लागणारं तिथलं सर्टिफिकेट) असेल तर विचार करतात. आणि तिथल्या बोर्डाचं ब्रेस्टसाठी वेगळं सर्टिफिकेट नाहीच, हे लक्षात ठेव. पुढे तिथेच राहायचं असेल तर जा, इंदूरला परत यायचं असेल तर मी तरी म्हणेन टाटासारख्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये बघ, अवंतिका एक्सप्रेसमध्ये रात्री बसलं की सकाळी मुंबई. पूर्ण ऑन्कोपॅथॉलॉजीच (सगळ्या कॅन्सरची पॅथॉलॉजी) करायची असेल तर तीन वर्षांचं डीएम आहे, त्याला नीट एसएस ही प्रवेश परीक्षा लागते, पण घरचे एका वर्षाला कुरकुर करतायत तर तीनचं नाव आत्ताच काढू नकोस.

जॉइन व्हायच्या आधी आत्ता तिथे असलेल्या फेलोला फोन कर, एचओडींना (विभागप्रमुखांना) नाही. विचार की रिपोर्ट आधी तू स्वतः लिहितेस की फक्त सरांच्या मागे बसतेस, ट्यूमर बोर्डात (सगळे डॉक्टर मिळून केसवर चर्चा करतात तिथे) बोलायला मिळतं का, ग्रॉसिंग स्वतः करतेस का. बसणंच असेल तर वर्ष वाया.

प्रश्न : बायकोच्या बायोप्सीत एका लॅबने ग्रेड २ लिहिलं, दुसरीने त्याच स्लाइडवर ग्रेड ३. खरं कोण?
– रामबाग

उत्तर : भाऊ, घाबरू नका, दोघंही खरे असू शकतात. ग्रेड म्हणजे कॅन्सरच्या पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते. त्यासाठी तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ मार्क देतात, बेरीज ६ किंवा ७ आली तर ग्रेड २, ८ किंवा ९ आली तर ३. म्हणजे एका मार्काचा खेळ, आणि त्यातली एक गोष्ट म्हणजे विभाजन होणाऱ्या पेशी मोजणं, ती कुठला भाग मोजला त्यावर बदलते. उपचार एकट्या ग्रेडवर ठरत नाहीत, ईआर, पीआर, हर-टू दोन्हीकडे एकच आलंय का ते आधी बघा. तिथे फरक असेल तर मात्र लॅबमधून मेणाचा ब्लॉक मागून घ्या, नुसती स्लाइड नको, तुमचा हक्क आहे तो, आणि देताना-घेताना पावती करा.

प्रश्न : मुलगी गायनॅक आहे, तिला ही ब्रेस्ट पॅथॉलॉजीची फेलोशिप करता येईल?

उत्तर : नाही हो. त्याला पॅथॉलॉजीचीच एमडी किंवा तिच्या तोडीची डीएनबी लागते.