‘प्रो’ विकून ‘प्रीमियम’ घ्यावे का?

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचकांकडे स्टर्न कंपनीचे ‘गॉडझिला’ हे पिनबॉल मशीन (उतरत्या फळ्यावर चेंडू टोलवत गुण मिळवण्याचा खेळ) आहे. आपली ‘प्रो’ आवृत्ती 5,500 डॉलरला विकून 9,700 डॉलरची ‘प्रीमियम’ आवृत्ती घ्यावी आणि त्यासाठी वर्षभर 401(के) मधील, म्हणजे नोकरीतून चालणाऱ्या निवृत्ती बचत योजनेतील, वर्गणी पगाराच्या 6 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणावी, असा त्यांचा विचार आहे. त्यांचा पगार 1,10,000 डॉलर असून कंपनी 6 टक्क्यांपर्यंतच्या वर्गणीत निम्मी भर घालते.

सप्रेम नमस्कार.

मशीनच्या गुणदोषांची तुम्ही दिलेली यादी इतकी प्रामाणिक आहे की निम्मे उत्तर तिच्यातच आहे. मशीनचे रचनाकार कीथ एल्विन यांची वेगवान मांडणी, पुन्हा पुन्हा खेळूनही न संपणारे नियम, इंटरनेटवरून मोफत मिळणाऱ्या सुधारणा आणि इनसाइडर कनेक्टेड या स्टर्नच्या ऑनलाइन सेवेत जमा होणारे गुण हे तुम्हाला आवडते, आणि ते सर्व ‘प्रो’मध्येही आहे. ‘प्रीमियम’मध्ये मुख्यतः कोसळणारी इमारत आणि दुभंगणारा पूल यांची भर पडते. उलट प्लेफील्डवर, म्हणजे खेळाच्या फळ्यावर, चेंडूंमुळे पडलेले खळगे, सैलावलेले फ्लिपर (चेंडू टोलवणारे हात) आणि बिघडल्यास घरी दुरुस्त करण्यापेक्षा सहसा सबंध बदलावे लागणारे नोड बोर्ड (मशीनचे भाग चालवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट), या तुमच्या तक्रारी महाग आवृत्ती घेतल्याने सुटत नाहीत; हलणारे भाग वाढल्यामुळे दुरुस्तीच्या जागा मात्र वाढतात.

आता हिशेब. न्यू जर्सीचा 6.625 टक्के विक्रीकर धरला, तर नवे मशीन सुमारे 10,340 डॉलरला पडेल, म्हणजे पदरचे 4,840 डॉलर घालावे लागतील. ने-आण वेगळी, आणि दोन-अडीचशे पौंडांची वस्तू तळघरातून वर आणणे हा काही गमतीचा भाग नव्हे. वर्गणी कमी केल्याने वर्षाला 4,400 डॉलर मोकळे होतील, परंतु तुमची वर्गणी करपूर्व असल्यामुळे त्यावर प्राप्तिकर कापला जाऊन हातात बरेच कमी येतील आणि पैसे तरीही पुरणार नाहीत. शिवाय कंपनीची 2,200 डॉलरची भर कायमची जाईल. इमारत आणि पूल यांची खरी किंमत ही भर धरूनच मोजली पाहिजे, आणि माझ्या मते ती तुम्हाला परवडणारी नाही.

मशीनचे भाव वाढतात, हा तुमचा युक्तिवादही मला पटत नाही. विल्यम्स या दुसऱ्या कंपनीने 1999 मध्ये पिनबॉल बनवणे थांबवले, त्यामुळे 1997 च्या ‘मिडीव्हल मॅडनेस’सारख्या तिच्या मूळ मशीनची संख्या गोठली आणि किमती चढल्या. ‘गॉडझिला’ची मोजक्याच संख्येत काढलेली ‘लिमिटेड’ आवृत्ती सोडली, तर मागणी असेपर्यंत कारखाना ‘प्रो’ आणि ‘प्रीमियम’ पुन्हा काढू शकतो. वैयक्तिक वापराच्या वस्तूवर नफा झाल्यास तो करपात्र असतो, तोट्याची वजावट मात्र मिळत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

तेव्हा ‘प्रो’ ठेवा. फ्लिपरचे झिजलेले भाग, रबर आणि चेंडू बदलून मशीनचा उतार नीट लावून घ्या. तुमच्या तक्रारींपैकी खेळाशी संबंधित असलेल्या बहुतेक तेवढ्यात मिटतील. त्यानंतरही ओढ टिकली, तर 401(के) ला हात न लावता दरमहा 200 डॉलर वेगळ्या बचत खात्यात टाकावेत. दोन वर्षांत 4,800 डॉलर जमतील, आणि तेव्हाही पहिल्या मालकाने घसारा सोसलेले, नीट राखलेले ‘प्रीमियम’च शोधावे.