फरसबीवर काळा मावा आलाय आणि शनिवारी भाजी शेजाऱ्यांना द्यायची आहे. पटकन काय फवारू? उरलेल्या शेंगा बरणीत टिकतील का?

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. ऊन चढायला लागल्याबरोबर फरसबी, काकडी, टोमॅटो सगळं एकदम सुरू झालंय, दोन माणसांत संपत नाही, फरसबीच्या शेंड्यांवर काळा मावा दाटलाय आणि शनिवारी चार घरी पिशव्या द्यायच्या आहेत, असं तुम्ही लिहिलंय. त्याआधी "पटकन गुण देणारं" काय मारू, हा तुमचा प्रश्न.

पटकन गुण देणारं काहीही मारू नका. शनिवारी ती शेंग दुसऱ्याच्या ताटात जाणार असेल तर नाहीच.

याच दिवसांतली गोष्ट आहे, काही वर्षांपूर्वीची. मला चार दिवस बाहेर जावं लागलं. बागेला पाणी घालायला दादाला सांगितलं, माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला. माझ्या फरसबीवरही तेव्हा असाच मावा होता, पण मी तो मुद्दाम ठेवला होता. तिसऱ्या वेलाच्या शेंड्याखाली, पानाच्या पाठीला, ढालकिड्याची पिवळी अंडी मला दिसली होती. उभी, एकमेकांना चिकटून, पंधरा-वीस तरी असतील. त्यांतून अळ्या बाहेर आल्या आणि मी रोज सकाळी भिंग घेऊन त्यांच्यापुढे बसायला लागले. ढालकिडा सगळ्यांना ओळखता येतो, लाल पाठ, काळे ठिपके. त्याची अळी मात्र फार थोड्यांना ओळखता येते. लांबट, काळपट, सहा पायांची, अंगावर खरखरीत गाठी आणि नारिंगी ठिपके. बघणाऱ्याला वाटतं हीच पानं खाणारी कीड. ती मावा समोरून पकडते, पुढच्या पायांनी धरून ठेवते आणि आतला रस शोषून रिकामं कातडं तिथंच टाकते. मोठी होईपर्यंत एकेक अळी शेकडो मावे संपवते. मी निघाले त्या दिवशी शेंड्यांवर पांढरी कातडी दिसायला लागली होती. आणखी आठ दिवस मिळाले असते तर वेल स्वच्छ झाला असता.

दादाने दुसऱ्या दिवशी पाणी घालताना मावा पाहिला, मुंग्यांची रांग पाहिली, त्या काळ्या अळ्याही पाहिल्या, आणि आपल्याकडची बाटली आणून सगळ्या वाफ्यावर फवारली. बाटलीवरचं लेबल केव्हाच गळून गेलेलं. सकाळची वेळ, फुलांवर मधमाश्या.

मी परतले ते चौथ्या दिवशी संध्याकाळी. शेंगा हातभर वाटाव्यात इतक्या वाढल्या होत्या. फरसबी वेळेवर तोडली नाही तर आत दाणा भरतो, शेंग दोरे धरते आणि वेल नवी फुलं टाकायचा थांबतो, हे तुम्हाला माहीत असेलच. म्हणून अंधार पडायच्या आत तोडल्या आणि तीन घरी तीन पिशव्या देऊन आले. एका घरात दीड वर्षाचं मूल होतं.

सकाळी भिंग घेऊन गेले. पानाच्या पाठीला काहीच नव्हतं. खाली मातीवर अळ्या पडल्या होत्या, आक्रसलेल्या, पोट आत ओढलेलं. त्यांच्या शेजारी दोन मधमाश्या. पान नाकाशी नेलं तर वास आला. दादाला फोन लावला.

"हो, मारलं थोडंसं. किती घाण झाली होती! धुऊन खाल्लं की झालं गं."

"कुठलं औषध होतं?"

"आता नाव काय लक्षात राहणार? बरीच वर्षं वापरतोय मी."

मी तशीच निघाले. पहिल्या घरी पिशवी जशीच्या तशी होती, त्यांनी काही न विचारता परत दिली. दुसऱ्या घरी, त्या बाळाच्या घरी, भाजी चिरून पातेल्यात पडली होती. मी दारात उभी राहून म्हटलं, ताई, ही टाकून द्या, यावर काय मारलंय ते मला माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत जाऊन गॅस बंद केला. तिसऱ्या घरच्या काकूंनी आदल्या रात्रीच खाल्ली होती. त्या मला धीर देत होत्या, "अगं, मी चांगली धुतली होती, काही नाही होत." मला तिथं बसवेना. पुढचे दोन दिवस मी सकाळ-संध्याकाळ त्यांना फोन करत होते.

कुणाला काही झालं नाही. आणि तेव्हापासून दादाचं एकच वाक्य आहे, "काही झालं का कुणाला?" घरात चार माणसं जमली की हा विषय निघतो आणि मी उगाच कांगावा केला असं ठरतं. म्हणून इथं सविस्तर लिहिते.

धुऊन जातं ते पृष्ठभागावरचं, आणि तेही सगळं नाही. कीटकनाशकांत स्पर्शजन्य, म्हणजे किडीच्या अंगाला लागून मारणारी, असतात तशी आंतरप्रवाही असतात. आंतरप्रवाही औषध पानातून किंवा मुळातून आत शिरतं आणि रसाबरोबर झाडभर फिरतं. रस पिणारा मावा मरतो तो त्यामुळेच. शेंगेतही तोच रस असतो. ती नळाखाली कितीही धरा, आतलं कसं जाणार? म्हणून प्रत्येक औषधाच्या लेबलवर पिकानुसार छापलेलं असतं, फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करायची. काहींना एक दिवस पुरतो, काहींना दोन-तीन आठवडे लागतात, आणि काही औषधं खाण्याच्या पिकावर मारायचीच नसतात. लेबल गेलं की हे सगळं गेलं. लेबल नसलेली बाटली घरात ठेवणं हाच गुन्हा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मावा? तो अठरा दिवसांत परत आला, आधीपेक्षा दाट. यात नवल काही नाही. उन्हाळ्यात माव्याच्या माद्या नराशिवाय थेट जिवंत पिल्लं घालतात आणि ऊब असली तर ते पिल्लू आठवडाभरात स्वतः पिल्लं घालायला लागतं. ढालकिड्याला अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला तीन-चार आठवडे लागतात. दोघांनाही मारलंत की शर्यत कोण जिंकणार ते ठरलेलंच आहे. मागोमाग लाल कोळी ही बारीक कीड आली, कारण तिला खाणारेही त्याच फवारणीत गेले होते. पानं ठिपक्या-ठिपक्यांनी पांढुरकी पडली, खाली बारीक जाळी धरली आणि त्या हंगामाची फरसबी तिथंच संपली. हे दादाला कधी ऐकायचं नसतं.

तुम्ही काय करायचं, तर उद्या सकाळी पाइपच्या जोरदार धारेने पानांच्या पाठी धुवा. खाली पडलेला मावा बहुतेक परत चढत नाही. असं एक दिवसाआड तीनदा करा. जे शेंडे गच्च भरलेत ते खुडून साबणपाण्यात बुडवा. मुंग्यांची वाट तोडा, त्या माव्याचा गोड चिकटा खातात आणि त्याच्या बदल्यात त्याच्या शत्रूंना हुसकावतात. मुंग्या थांबल्या की निम्मं काम ढालकिडे करतात. फुगलेले, तपकिरी, कागदासारखे मावे दिसले तर त्यांना हात लावू नका. त्यांच्या आत इवल्या गांधीलमाशीची अळी वाढत असते, ती बाहेर पडून आणखी मावे मारते. आणि नत्राचं खत थोडे दिवस बंद ठेवा, कोवळी लुसलुशीत फूट माव्याला बोलावते.

एवढ्याने भागलं नाही तरच साबण. बागेसाठी मिळणारा पोटॅशियमचा साबण, लिटरभर पाण्यात 10 ते 15 मिली, ऊन उतरल्यावर. तो अंगावर ओला पडला तरच कीड मरते, वाळल्यावर त्याचा काही उपयोग नाही. त्यामुळे पानाची पाठ भिजलीच पाहिजे. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचं द्रव वापरू नका, पानावरचं मेणासारखं आवरण जातं आणि पान करपतं. निंबोळी तेलही चालतं, पण ते किडीचं खाणं आणि वाढ थांबवतं, जागच्या जागी मारत नाही. दुसऱ्या दिवशी मावा जिवंत दिसला म्हणून पुन्हा मारू नका. त्यातलं काम करणारं द्रव्य, आझाडिरॅक्टिन, उन्हात लवकर नष्ट होतं, तेव्हा तेही संध्याकाळीच.

आता बरण्या. इथंही दादाच आहे, त्याला माझा इलाज नाही. त्या प्रकारानंतर दोन वर्षांनी त्याने स्वतःच्या बागेतली फरसबी मिठाच्या पाण्यात भरून, झाकणं घट्ट लावून, मोठ्या पातेल्यात दोन तास उकळली आणि मला दोन बरण्या दिल्या. फार सुंदर दिसत होत्या, शेंगा एका उंचीच्या कापून उभ्या लावलेल्या. मी त्या न उघडता गुंडाळून कचऱ्यात टाकल्या आणि तसं त्याला सांगितलंही. तो दुखावला. म्हणाला, दोन तास उकळल्यावर आत काय जिवंत राहणार?

बोटुलिझमच्या, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेच्या, जंतूंचे बीजाणू राहतात. ते मातीत असतात, म्हणजे शेंगेवरही असतात, आणि 100 अंशाला तासन् तास तग धरतात. त्यांना मारायला 116 ते 121 अंश लागतात आणि तेवढं तापमान दाबाखालीच मिळतं. उघड्या पातेल्यातलं पाणी कितीही उकळा, 100 च्या वर जात नाही. एरवी हे बीजाणू निरुपद्रवी, पण हवाबंद बरणीत, आंबटपणा नसलेल्या भाजीत, घरातल्या साध्या तापमानाला ते रुजतात आणि विष तयार करतात. बरणीला वास येईलच, झाकण फुगेलच, असं नाही. आंबटपणाची सीमा 4.6 पीएच धरतात, पीएच जितका कमी तितका पदार्थ आंबट. त्याखाली हे जंतू वाढत नाहीत. फरसबी त्याच्या बरीच वर आहे, टोमॅटो सीमेवर घुटमळतो, म्हणून लिटरभर टोमॅटोला अर्धा चमचा सायट्रिक ॲसिड घालायचं असतं.

दादा म्हणतो, पूर्वीचे लोक बाटल्या उकळूनच ठेवत होते. खरं आहे. फ्रान्सच्या निकोला अपेरने 1810 मध्ये ही पद्धत छापली आणि सरकारकडून त्याला 12,000 फ्रँकचं बक्षीस मिळालं. पण अन्न का टिकतं हे त्याला ठाऊक नव्हतं, जंतूंचा उलगडा पाश्चरच्या कामातून पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी झाला. आपल्याला कारण कळलेलं आहे, आपण कशाला अंधारात भरायच्या?

फरसबी फ्रीझरमध्ये टाका. उकळत्या पाण्यात तीन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, कोरडी करून पिशवीत. ती तीन मिनिटं चुकवू नका, नाहीतर शेंगेतली विकरं (एन्झाइम) थंडीतही रंग आणि चव बिघडवत राहतात. फ्रीझरमध्ये जागा नसेल तर 5 टक्के आम्लतेचं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन, मीठ घालून उकळून शेंगांवर ओता आणि फ्रिजमध्ये ठेवा. काकडी मिठाच्या पाण्यात आंबवा, लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम मीठ. काकड्या पाण्याखाली दाबून ठेवा, झाकण सैल ठेवा, कारण आतून वायू येतो. फुलाकडचं टोक चकतीभर कापून टाका. त्या टोकातल्या विकरांमुळे काकडी मऊ पडते. माझ्या पहिल्या दोन बरण्या मी याच कारणाने गमावल्या. टोमॅटो वेलावर पूर्ण लाल व्हायची वाट बघू नका, रंग फिरायला लागला की तोडून घरात पिकवा. चव कमी होत नाही, आणि 30 अंशांच्या वर तसाही लाल रंग नीट धरत नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगते. स्वयंपाकाचा साधा कुकर बरण्यांसाठी वापरू नका. त्यासाठीचं भांडं वेगळं असतं आणि वेळेचे तपासलेले आकडे त्याचेच आहेत. उंचावर राहत असाल तर पाणी 100 च्या आधीच उकळतं, म्हणून टोमॅटोच्या बरण्यांनाही जास्त वेळ द्यावा लागतो. तेलात बुडवलेला कच्चा लसूण बाहेर ठेवू नका, त्यालाही हेच बीजाणू लागू. आणि मी रासायनिक औषधांच्या सरसकट विरोधात नाही. लेबल वाचून, मोजून, दिवस पाळून कुणी मारत असेल तर माझं भांडण नाही. माझं भांडण "काही झालं का" या वाक्याशी आहे.

चार घरी किती द्यायचं हे तुम्ही विचारलंत. एका वेळच्या भाजीएवढंच द्या, जास्त दिलं की लोकांच्या फ्रिजमध्ये सडतं. मी आता प्रत्येक पिशवीत चिठ्ठी टाकते: कधी तोडली, त्याआधी पंधरा दिवसांत काय मारलं. बहुतेक वेळा "फक्त पाणी" एवढंच लिहिलेलं असतं. त्या बाळाच्या आईने मागच्या वर्षी स्वतःहून फरसबी मागितली. चिठ्ठी वाचली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि पिशवी घेऊन गेली.

शनिवारला अजून वेळ आहे. उद्या धार मारण्याआधी शेंड्यांखाली भिंगाने बघा. काळपट, नारिंगी ठिपक्यांची अळी दिसली तर ती फांदी तशीच सोडा आणि तिच्या शेंगा शनिवारी सगळ्यात आधी तोडा.